मैलाचा दगड आणि चहाचा थांबा: अलास्का हायवेवर आरव्हीतून

ही ट्रिप २०१९ च्या जूनमधली आहे, लिहायची राहूनच गेली होती. आई-बाबा तेव्हा पाच महिन्यांसाठी आमच्याकडे कॅनडात, एडमंटनला आले होते. बॅन्फ-जॅस्पर झालं, मॉल झाला, देऊळ झालं, आणि एक दिवस बाबांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून विचारलं, "हा रस्ता पार वरपर्यंत जातो का रे?" बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, ३४ वर्षं गाड्यांच्या पोटाखाली काढलेला माणूस, त्यांना डोंगर-तळी दाखवा पण रस्ता कोणी बांधला हे आधी सांगा. मी म्हटलं हो बाबा, अलास्का हायवे, आणि त्याच संध्याकाळी बायकोने आरव्हीचे, म्हणजे आतच झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीचे, रेट बघायला घेतले.

आईची अट एकच होती. दर दोन तासांनी गाडी थांबली पाहिजे आणि नुसती थांबून उपयोग नाही, खाली उतरून पाय मोकळे करता आले पाहिजेत, कारण तिचे गुडघे. तेव्हा मला वाटलं आता रोजचे किलोमीटर कमी होणार. आज त्या ट्रिपमधलं काय काय आठवतं असं विचाराल तर सगळेच्या सगळे ते थांबेच आठवतात.

दिवस १: एडमंटन ते डॉसन क्रीक

गाडी आदल्या दिवशीच ताब्यात घेतली होती. २५ फुटी, ड्रायव्हरच्या डोक्यावर बेड (तो लेकीने लगेच पकडला), मागे आई-बाबांचा पलंग, मधलं टेबल मोडून आमची गादी. भाड्याने देणाऱ्याने पाऊण तास सगळं समजावलं आणि बाबांनी वहीत लिहून घेतलं. तीन टाक्या असतात, एक चांगल्या पाण्याची, एक ग्रे म्हणजे बेसिन आणि आंघोळीचं, एक ब्लॅक म्हणजे संडासची. डंप स्टेशनला, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, गेलं की ब्लॅक आधी सोडायची आणि ग्रे नंतर, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाईप आपोआप धुऊन निघतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा, बाकी सगळं जमतं.

५९० किलोमीटर, दिवसभर सरळ रस्ता, कनोलाची शेतं, ट्रक. बीव्हरलॉजला रस्त्याकडेला बीव्हरचा एक अवाढव्य पुतळा आहे तिथे लेकीचे फोटो झाले, डब्यातल्या दशम्या आणि चटणी खाल्ली, आणि संध्याकाळी डॉसन क्रीक.

गावाच्या मधोमध, चौकात, पांढरा खांब उभा आहे, माईल झिरो. अलास्का हायवे इथून सुरू होतो. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिकेला एकदम जाणीव झाली की अलास्काला जायला जमिनीवरून रस्ताच नाही. मग मार्च १९४२ ला काम सुरू झालं आणि नोव्हेंबरपर्यंत जंगल, दलदल, डोंगर यांतून अडीच हजार किलोमीटरच्या आसपास कच्चा रस्ता आरपार निघाला. दहा हजारांवर अमेरिकन सैनिक कामाला होते आणि त्यातले साधारण एक तृतीयांश कृष्णवर्णीय, ज्यांच्या तुकड्या तेव्हा वेगळ्या ठेवलेल्या असायच्या. हे मी खांबापाशी उभं राहून बाबांना सांगत होतो आणि बाबा खांबावर हात ठेवून ऐकत होते. "आठ-नऊ महिन्यांत?" एवढंच म्हणाले. रात्री झोपताना परत म्हणाले, "आठ-नऊ महिन्यांत रे."

दिवस २: फोर्ट नेल्सनपर्यंत

हा दिवस खरं सांगायचं तर रस्त्याचाच, ४५४ किलोमीटर. टेलरला लांबलचक उतार उतरून पीस नदी ओलांडतो, तिथला जुना झुलता पूल १९५७ मध्ये कोसळला होता. पुढे तेल आणि गॅसवाल्यांचे ट्रक, आणि त्यातल्याच एकाच्या चाकाखालून उडालेला खडा आमच्या काचेवर टण्णकन बसला. चवलीएवढा डाग आणि त्याला एक पाय. काचेचा विमा भाड्याच्या पॅकेजमध्ये धरलेला नाही हे आम्हाला तेव्हा कळलं, घेताना कोणी बोललं नव्हतं, तेव्हा तुम्ही गाडी घ्याल तेव्हा काच, टायर आणि गाडीचं छप्पर या तीन गोष्टी नावं घेऊन विचारा. बाबांनी डागावर पारदर्शक टेप लावली म्हणजे धूळ शिरायला नको, आणि दर थांब्याला बोट फिरवून बघायचे वाढलाय का. शेवटपर्यंत वाढला नाही.

पिंक माउंटनपाशी आईचा दोन तासांचा पहिला थांबा झाला. एक पंप, एक छोटं दुकान, बाहेर लाकडी बाक. आम्ही आपला आपला चहा केला, आरव्हीचं सुख ते हेच, रस्त्याकडेला उभं राहून आल्याचा चहा पाच मिनिटांत, आणि बाहेर येऊन बाकावर बसलो तर शेजारी एक म्हातारे ट्रकवाले बसलेले. आईने न विचारता त्यांच्या पण हातात कप दिला. त्यांनी वास घेतला, प्यायले, आणि मग पुढचा अर्धा तास नकाशा मांडीवर घेऊन आम्हाला कुठे थांबायचं ते सांगत बसले. टेटसा. टोड रिव्हर. लिअर्ड. रँचेरिया. मी पेनने गोल करत गेलो. खरं सांगतो, इंटरनेटवर आठवडाभर वाचून जे हाती लागलं नव्हतं ते एका कप चहावर मिळालं.

आणि एक गंमत त्यांच्याकडूनच कळली, की या रस्त्यावर पत्ते मैलांत असतात. कॅनडात सगळं किलोमीटरमध्ये, पण हायवेवरचं लॉज विचारलं तर लोक "माईल ३७५" म्हणून सांगणार, म्हणजे १९४० च्या दशकातले मैल. मैलाचा दगड हाच पोस्टाचा पत्ता. बाबांना हे फार आवडलं.

दिवस ३: टेटसा, समिट लेक, टोड रिव्हर

इथून खरी मजा सुरू होते. फोर्ट नेल्सननंतर वॉटसन लेकपर्यंत पाचशेच्या वर किलोमीटर मोठं गाव नाही, फक्त लॉज. पूर्वी दर पंचवीस-तीस मैलांवर एक असायचं, कारण रस्ता कच्चा, गाड्या तापायच्या, टायर फुटायचे, आणि माणसाला रात्री कुठेतरी उबेत पडायला लागायचं. पुढे रस्ता डांबरी झाला, वळणं सरळ केली, गाड्या एका टाकीत लांब जायला लागल्या आणि एकेक लॉज बंद पडत गेलं. जाताना दिसतात ती, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, पंपाचे आकडे कधीतरीच्या भावावर थांबलेले. गावाकडच्या बंद वाड्यासमोरून जाताना होतं तसं होतं. आणि जी चालू आहेत त्यातल्या बहुतेकांपर्यंत विजेची लाईनच नाही, डिझेलचा जनरेटर रात्रंदिवस चालू. म्हणून तिथे पेट्रोल महाग, खाणं महाग, आणि तरीही मी म्हणेन तिथेच भरा, तिथेच खा, थोडे डॉलर जास्त गेले तर जाऊ देत. ती माणसं आहेत म्हणून तो रस्ता सोबतीचा वाटतो.

टेटसा रिव्हर लॉज, माईल ३७५. लाकडी घर, बाहेर "आकाशगंगांच्या पुंजक्याची सिनॅमन बन राजधानी" अशा अर्थाची पाटी. दार उघडलं आणि दालचिनी आणि वितळलेल्या लोण्याचा वास असा आला की लेक पळतच आत. बन म्हणजे केवढा, माझा पंजा पसरला तर त्याच्या बाहेर कडा येत होत्या. वरून तपकिरी, कडा किंचित कुरकुरीत, आणि उलगडत उलगडत आत गेलं की मधला गाभा ओलसर, तिथे साखर आणि दालचिनीचा पाक साचलेला. आम्ही बाहेरून आत खात गेलो, आणि मधला गाभा सगळ्यांनी आईसाठी ठेवला. आई म्हणाली, "पीठ दोनदा फुगवलंय हिने." काउंटरवरच्या बाईंना मी विचारलं तर हो म्हणाल्या, आणि मग दोघींचं माझ्यामार्फत बराच वेळ यीस्ट आणि थंडीबद्दल बोलणं चाललं. निघताना सहा बांधून घेतले.

पुढे चढ सुरू. समिट लेक हा अख्ख्या अलास्का हायवेवरचा सगळ्यात उंच भाग, १,२९५ मीटर. मी हे जरा भारावून सांगितलं तर आई म्हणाली, "म्हणजे महाबळेश्वरपेक्षा खालीच की." आमचं गाव वाई, त्यामुळे उंचीचं माप तेच. पण जूनमध्ये समोरच्या उतारावर बर्फाचे पट्टे, झाड नावाला नाही, नुसता राखाडी दगड, आणि तळ्याचं पाणी इतकं स्थिर की डोंगर त्यात उलटा उभा. उत्तरेकडे आलं की झाडांची रेषा खाली येते ना, म्हणून महाबळेश्वरच्या उंचीलाच असा उघडा डोंगर.

मुक्काम टोड रिव्हर, माईल ४२२. यांच्या रेस्टॉरंटच्या छताला टोप्या टांगलेल्या आहेत, दहा हजारांच्या वर, एकीला एक चिकटून, छत दिसतच नाही. लेकीने शाळेची टोपी दिली. बाबांकडे बघितलं तर त्यांनी डोक्यावर हात ठेवला, त्यांची टोपी डेपोतल्या निरोप समारंभाची आहे, ती नाही दिली. बरोबरच आहे. रात्री साडेदहाला लख्ख उजेडात पिठलं-भात खाल्ला, मागच्या पाण्यात एक मूस (इकडचं भलं मोठं हरीण) मादी गळ्यापर्यंत उभी राहून शेवाळ खात होती.

फ्रिजचा धडा इथे मिळाला. आरव्हीचा फ्रिज गाडी उभी असताना प्रोपेनवर चालतो आणि गाडी तिरकी असेल तर त्यातलं द्रव नीट फिरत नाही, थंड होतच नाही. सकाळी दूध नासलेलं. बाबांनी पाण्याची अर्धी बाटली ओट्यावर आडवी ठेवून उतार बघितला, पुढच्या डाव्या चाकाखाली दोन फळ्या घातल्या आणि तासाभरात फ्रिज गार. तेव्हापासून कुठेही मुक्कामाला गेलो की बाटली आधी, चहा नंतर.

दिवस ४: मंचो लेक आणि लिअर्डचं गरम पाणी

जेमतेम सव्वाशे किलोमीटरचा दिवस, मुद्दाम ठेवला. मंचो लेकचा रंग मला सांगता येणार नाही, मोरपिशी म्हणू का हिरवा, दर वळणावर बदलतो. १२ किलोमीटर लांब तळं आणि रस्ता कड्याच्या आणि पाण्याच्या मधून चिंचोळा गेलेला. तिथे रस्त्यातच स्टोन शीप उभ्या होत्या, जंगली मेंढ्या, जमिनीतलं मीठ चाटायला उतरतात. पाच-सहा आया आणि पिल्लं. इंजिन बंद करून वीस मिनिटं थांबलो. मागे दोन गाड्या आल्या, त्याही गप उभ्या राहिल्या.

आणि मग लिअर्ड रिव्हर हॉट स्प्रिंग्ज, माईल ४९६. आईला मी आधीच सांगून ठेवलं होतं की गरम पाण्याचं कुंड आहे, तिने उन्हवऱ्यासारखं का एवढंच विचारलं. पार्किंगमधून साधारण ७०० मीटर लाकडी फळ्यांची पायवाट आहे, दोन्ही बाजूंना कोमट पाण्याची दलदल जी हिवाळ्यातही गोठत नाही, त्यामुळे इथे अशी हिरवळ की आजूबाजूच्या सुचीपर्णी जंगलात ती बसतच नाही, मोठमोठ्या पानांची झाडं, नेचे, रानातली ऑर्किड्स. १९४२ मध्ये सैनिकांनीच इथे पहिली पायवाट टाकली, दिवसभर चिखलात राबून संध्याकाळी आंघोळीला यायचे.

पाणी ४२ ते ५२ अंश. पायऱ्या उतरलं की तळाला बारीक गोल खडी, पायाला सुखद टोचते, आणि पाण्यात थर असतात, वर कढत, गुडघ्याशी कोमट, हाताने ढवळलं की गरम थर खाली येतो. एका टोकाला झरा फुटतो तिकडे जाल तितकं चटके, दुसऱ्या टोकाला ओढ्यासारखं निवतं. गंधकाचा हलका वास. आई आधी नुसते पाय सोडून बसली, मग पोटरीपर्यंत, मग बायको हात धरून घेऊन गेली आणि ती गळ्यापर्यंत पाण्यात जाऊन डोळे मिटून बसली ती अर्धा तास. वर आली तेव्हा पायऱ्या कठडा न धरता चढली. बाबांनी मला कोपराने खुणावलं, बघ.

बाबांचा हिशोब त्याच रात्री झाला. पत्ता माईल ४९६, म्हणजे ७९८ किलोमीटर व्हायला हवेत. पण रस्त्याकडेची सरकारी पाटी म्हणते ७६५. वहीत दोनदा गुणाकार केला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "३३ किलोमीटरची वळणं काढली यांनी." अगदी तेच आहे. रस्ता सरळ होत गेला तसा आखूड झाला, पण लोकांनी जुने मैल सोडले नाहीत.

दिवस ५: रानगवे आणि पाट्यांचं जंगल

सकाळी सहाला परत एकदा पाण्यात, आम्ही चार जण आणि वाफ. मग पुढे निघालो तर रस्त्याकडेला वुड बायसनचा कळप, मोठे नर ८००-९०० किलोचे, खांद्यावर उंचवटा, धुळीत लोळणारे. लेकीने ४३ मोजले. गाडीतून उतरायचं नाही, काच पूर्ण खाली करायची नाही, एवढं पाळलं.

वॉटसन लेक म्हणजे युकॉन, कॅनडाचा वायव्येकडचा प्रदेश, लागला. आणि इथली पाट्यांची जागा, साइन पोस्ट फॉरेस्ट. १९४२ मध्ये कार्ल लिंडली नावाचा सैनिक, इलिनॉयमधल्या डॅनव्हिलचा, जखमी होऊन इथे हलक्या कामावर होता. दिशा दाखवणाऱ्या पाट्या दुरुस्त करायला सांगितल्या तर त्याने स्वतःच्या गावाचीही एक पाटी करून लावली, घराची आठवण आली म्हणून. बाकीच्यांनी आपापल्या लावल्या, आणि ते आजतागायत थांबलं नाही. ८० हजारांच्या वर पाट्या आहेत आता, खांबांच्या रांगाच रांगा, गल्ल्या पडल्यात, जर्मनीतल्या गावांच्या, जपानच्या, गाड्यांच्या नंबरप्लेट, कोणाच्या घरातली तव्यावर रंगवलेली नावं.

आम्ही एडमंटनहून तयारीने आलो होतो. देवदाराची दोन फुटी फळी, बाबांनी गॅरेजमध्ये रंधा मारून, दोन हात वॉर्निश देऊन, काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेली. अक्षरं एसटीच्या पाटीवर असतात तशी, जाड, वेलांटीला टोक नसलेली. नुसतं "वाई" आणि खाली लहान अक्षरात "जि. सातारा". जागा शोधण्यात पाऊण तास गेला. आईला सावलीत नको होती, बाबांना पाणी साचणारा कोपरा नको होता. शेवटी एक खांब सापडला, उंचीला बाबांच्या छातीएवढा, पूर्वेकडे तोंड. बाबांनी चार स्क्रू आणले होते, खिळे नाही, कारण थंडीने लाकूड आकसलं की खिळा सैल होतो. आधी गिरमिटाने चार भोकं, मग स्क्रूला थोडा साबण लावला, आणि हाताने, सावकाश, प्रत्येक स्क्रू अर्धा-अर्धा फिरवत चारी बसवले, जसं चाकाचे नट आळीपाळीने आवळतात तसे. आईने पिशवीतून करंडा काढला आणि फळीच्या वरच्या कडेला हळद-कुंकू लावलं. बाबा दोन पावलं मागे गेले, बघितलं, परत पुढे येऊन खालच्या उजव्या स्क्रूला पाव फेरा दिला.

शेजारून जाणाऱ्या एका जोडप्याने विचारलं ही कुठली लिपी, मी सांगितलं, आणि मग वाई कुठे आहे, तिथे काय आहे, तर बाबांनी स्वतःच्या इंग्रजीत कृष्णा नदी, घाट, ढोल्या गणपती सगळं सांगितलं. मी मध्ये बोललो नाही.

दिवस ६: टेसलिन

रँचेरियाला छोट्या धबधब्यापर्यंत सपाट लाकडी वाट आहे, आईसाठी एकदम योग्य, झाडीतून दहा मिनिटं. पुढे पाणलोटाची पाटी लागते, इथून एका बाजूचं पाणी मॅकेंझी नदीतून उत्तरेला आर्क्टिककडे आणि दुसऱ्या बाजूचं युकॉन नदीतून बेरिंग समुद्राला. लेकीने बाटलीतलं पाणी दोन्हीकडे थोडं थोडं ओतलं.

टेसलिनला शिरताना निसुटलिन बेचा तेव्हाचा पूल, ५८४ मीटर, आणि त्याला डांबर नव्हतं, लोखंडी जाळी होती. चाक वर आलं की सगळी गाडी एका सुरात घुमायला लागायची. बाबांनी काच खाली केली आणि पूल संपेपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले परत जाऊ या का एकदा. गेलो. दोनदा.

या गावात जॉर्ज जॉन्स्टन म्युझियम आहे आणि माझं मत विचाराल तर अख्ख्या रस्त्यावरचं सगळ्यात सुंदर म्युझियम हेच, दोन-तीन खोल्यांचं. जॉर्ज जॉन्स्टन हा टलिंगिट या इथल्या मूळ रहिवासी समाजातला शिकारी, फासे लावून फर विकणारा, आणि फोटोग्राफर. त्याने १९२८ ची शेव्हरले गाडी विकत घेतली आणि बोटीतून टेसलिनला आणली, जेव्हा टेसलिनला रस्ताच नव्हता! मग त्याने स्वतः चार-पाच किलोमीटर रस्ता केला, आणि हिवाळ्यात तळं गोठलं की तो त्याचा हायवे, लोकांना टॅक्सीसारखं फिरवायचा, आणि बर्फावर शिकारीला जाताना दिसू नये म्हणून गाडीला पांढरा रंग. पुढे हायवे आला तेव्हा त्याचा तो तुकडा त्यातच गेला. ती गाडी तिथे उभी आहे. बाबा तिच्याभोवती तीन फेऱ्या मारून आले, वाकून खालून बघितलं. भिंतीवर त्याने काढलेले गावातल्या लोकांचे फोटो, मुलं, लग्नं, शिकार, सगळे कॅमेऱ्याकडे ओळखीचं हसताहेत, कारण काढणारा घरचाच.

दिवस ७ आणि ८: कारक्रॉस, व्हाइटहॉर्स

जेक्स कॉर्नरवरून वाट वाकडी करून कारक्रॉसला गेलो. गावाबाहेर एकदम वाळूच्या टेकड्या, हिमयुगानंतरच्या तळ्याचा तळ तो, अडीच चौरस किलोमीटर, लोक जगातलं सगळ्यात छोटं वाळवंट म्हणतात. मागे बर्फाचे डोंगर आणि पुढे वाळू, लेक घसरत घसरत खाली, परत वर, तासभर. स्टेशनपाशी आइस्क्रीम खाल्लं, व्हाइट पास रेल्वेचा शेवटचा खिळा २९ जुलै १९०० ला इथेच ठोकला. वर जाताना एमराल्ड लेक, तळाशी चुनखडीचा पांढरा गाळ आहे म्हणून उजेड परत फिरून पाणी असं हिरवं दिसतं.

व्हाइटहॉर्सला एक दिवस नुसता कपडे धुणं, टाक्या रिकाम्या करणं, वाणसामान. कोथिंबीर मिळाली याचा आनंद फार. संध्याकाळी एसएस क्लोंडाइक ही जुनी चाकाची बोट पाहिली, १९३७ ची, १९५५ पर्यंत चालली. बाकी शहर शहरासारखं.

दिवस ९: क्लुएन

हेन्स जंक्शनच्या बेकरीत सकाळचा ब्रेड घेतला आणि पुढे क्लुएन लेकला उतरलो तेव्हा दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग धूळ दिसली. तळ्याच्या टोकाला नदीचं अख्खं पात्र कोरडं आणि त्यावरून राखाडी धुळीचे लोट उठत होते. ही स्लिम्स नदी. २०१६ च्या वसंतात कास्कावुल्श हिमनदी इतकी मागे हटली की तिच्या वितळलेल्या पाण्याला दुसरीकडे उतार सापडला आणि काही दिवसांत ते पाणी स्लिम्स सोडून दक्षिणेला, पॅसिफिककडे वळलं. तळ्याची पातळी उतरली. माहिती केंद्रातल्या ताईंनी काठाची जुनी रेषा बोटाने दाखवली. कृष्णेकाठी वाढलेल्या माणसाला नदी अशी उठून गेलेली बघवत नाही. आई काठावर बसून राहिली, बाबा म्हणाले, "धरण नाही, काही नाही, आणि नदी गेली?"

जवळच सोल्जर्स समिट, थोडा चढ चढून. २० नोव्हेंबर १९४२ ला कडाक्याच्या थंडीत इथे फीत कापून रस्ता सुरू केला, पण सामान्य लोकांना तो मोकळा झाला १९४८ मध्ये. मुक्काम तळ्याकाठी सरकारी कॅम्पग्राउंडला, युकॉनमध्ये तिथे सरपण फुकट मिळतं, आगीवर वांगं भाजलं, भाकरी, आणि रात्री बारालाही वाचता येईल एवढा उजेड.

दिवस १०: बीव्हर क्रीक

बरवॉशला सोन्याच्या चाळणीची भली मोठी प्रतिकृती आहे तिथे आईचा थांबा. त्यानंतर रस्ता लाटांसारखा, कारण खाली कायम गोठलेली जमीन, ती वितळली की रस्ता खचतो, गोठली की फुगतो. ताशी ५० च्या वर गेलं तर कपाटं उघडून ताटल्या खाली. बाबांनी सगळ्या दारांना सुतळी बांधली आणि पुढे बसून खड्डे सांगत राहिले, "डावीकडे, डावीकडे, आता सोड."

बीव्हर क्रीक हे कॅनडाच्या पश्चिम टोकाचं गाव. पुढे अलास्का, पण आई-बाबांना अमेरिकेचा व्हिसा नव्हता, आमचं टोक इथेच हे घरून ठरवूनच निघालो होतो. आणि टोक म्हणून जागा चांगली मिळाली. ऑक्टोबर १९४२ मध्ये याच भागात दक्षिणेकडून आणि उत्तरेकडून येणारे बुलडोझर जंगलात समोरासमोर आले, एकावर रिफाइन्स सिम्स ज्युनिअर, कृष्णवर्णीय, दुसऱ्यावर अल्फ्रेड जालुफ्का, गोरा. रस्ता जुळला तो इथे. बाबांनी रस्त्याकडेला बसून डांबराच्या कडेचा एक खडा उचलून खिशात टाकला. मग चहा झाला आणि गाडी वळवली.

परतताना

परतीचं सगळं लिहीत नाही, तेच थांबे, फक्त आता ओळखीचे. लिअर्डला परत दोन रात्री, आईच्या हट्टाने. टेटसाला काउंटरवरच्या बाईंनी आईला बघून आधीच एक बन गरम करायला ठेवला.

वॉटसन लेकला पोचलो तेव्हा नुकताच पाऊस पडून गेला होता. गल्ली आठवत होती पण खांब सापडेना, लेकीलाच सापडला. फळी तशीच, रंग तसाच, पाणी वरून निथळून जात होतं. कुंकू मात्र धुऊन खाली आलं होतं, "वा" च्या कान्यापर्यंत एक बारीक लाल ओघळ. आई पुसायला पदर पुढे करत होती, बाबा म्हणाले, "राहू दे गं." मग त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, चारी स्क्रू तपासले, एकही हललेला नव्हता.